बी.एड.चा ग्रुप सगळे बघतात, पण अभ्यासाला कोणी वापरत नाही. सक्ती करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांकडे पन्नास प्रशिक्षणार्थी आहेत, बहुतेक मराठी माध्यमातून आलेले. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, टेलिग्राम चॅनेल काढलं, यूट्यूबच्या लिंक टाकल्या. निळ्या खुणा दिसतात, पण अभ्यासासाठी कोणी वापरत नाही. गूगल फॉर्म भरून घेतला तर जवळजवळ सगळ्यांनी ‘सोशल मीडिया अभ्यासाला उपयोगी आहे’ असंच लिहिलं. आता सहभागाला गुण ठेवून सक्ती करावी का, असं ते विचारतात. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, मोबाइल बाजूलाच ठेवा.

सर, तुमच्या पन्नासातल्या बहुतेकांनी सोशल मीडिया अभ्यासासाठी केव्हाच स्वीकारलेला असणार. टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तारीख जवळ आली की रात्री अकराला टेलिग्रामवरच्या प्रश्नमंजूषांच्या चॅनेलवर हीच मुलं-मुली सापडतात. बालविकास, व्याकरण, मागच्या वर्षीचे पेपर, सगळं तिथे चाललेलं असतं. म्हणजे फोनचं वावडं नाही, ॲप वापरता येतं, अभ्यासाची इच्छाही आहे. तरी तुमच्या ग्रुपवर ती गप्प राहतात. तेव्हा आधी हे तपासा, की त्या चॅनेलवर त्यांना असं काय मिळतं जे तुमच्याकडे मिळत नाही.

त्या चॅनेलवर काम नेमकं ठरलेलं असतं. सीटीईटीच्या (केंद्राच्या टीईटीच्या) एका पेपरात १५० मिनिटांत १५० प्रश्न, सर्वसाधारण गटाला उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. दिलेलं उत्तर बरोबर की चूक ते त्याच क्षणी कळतं. आणि चुकलं तर चारचौघांत नाव निघत नाही. तुमच्या ग्रुपवर लिंक येते, ती उद्याच्या कुठल्या कामासाठी बघायची ते कळत नाही, बघितल्यावर पुढे काही घडत नाही, आणि शंका विचारायची तर पन्नास जणांसमोर, सरांच्या देखत, नावानिशी विचारायची. गप्प राहणं हे त्यांच्या बाजूने शहाणपणाचंच आहे.

माणसं तंत्रज्ञान का स्वीकारतात यावर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेली चौकट अजून वापरात आहे. तिच्यात दोन प्रश्न येतात: याने माझं काम सुधारेल का, आणि हे वापरायला सोपं आहे का. दोन्हींत पहिल्याचं वजन जास्त, असं डेव्हिस यांनाच आढळलं होतं. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या विस्तारित चौकटीत आणखी दोन प्रश्न आले: ज्यांचं मत मी मानतो ती माणसं याबद्दल काय म्हणतात, आणि आजूबाजूची सोय कशी आहे (फोन, रेंज, डेटा, अडल्यावर मदतीला कोणी). हे चार प्रश्न लावून बघितलं तर तुमच्याकडे सोपेपणाची अडचण नाही. अडचण उपयोगाची आहे, आणि थोडी सोयीची. ज्येष्ठ सहकारी ‘बाजूला ठेवा’ म्हणतात हा तिसरा प्रश्न. त्याकडे नंतर येते.

तुमच्या फॉर्मबद्दल आधी. आपल्याच सरांनी, नाव लिहायला लावून, ‘सोशल मीडिया उपयोगी वाटतो का?’ असं विचारलं तर ‘नाही’ कोण लिहील? त्यातून मत कळत नाही, सौजन्य कळतं. दुसरं म्हणजे ‘वापरायला आवडेल’ आणि ‘वापरलं’ यांत फार अंतर असतं. तो फॉर्म बाजूला ठेवा आणि निनावी, तीनच प्रश्नांचा नवा काढा. गेल्या सात दिवसांत ग्रुपवरची कुठली एक गोष्ट तुम्ही प्रत्यक्ष पाठात वापरली? (वापरली नसेल तर ‘नाही’ लिहा.) गेल्या सात दिवसांत पाठाची तयारी करताना कुठे अडलात आणि मग कोणाला विचारलंत? फोन तुमचा एकट्याचा आहे की घरात वाटून वापरता? फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते बघा, आणि तो बंद आहे हे वर्गात सांगा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सोन्यासारखी असतात. तुमच्या ग्रुपने काय करायला हवं त्याची यादी प्रशिक्षणार्थींनीच तिथे लिहून दिलेली असते.

आता जी गोष्ट सीमाभागात सगळ्यात जास्त अडते ती. मला वाटतं, तुमच्या लिंक वाया जाण्याचं मुख्य कारण इथेच आहे.

यूट्यूबवर, टेलिग्रामवर आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर मराठीतून जे शैक्षणिक साहित्य मिळतं, त्यातलं बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर आणि बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेलं असतं. तुमचे प्रशिक्षणार्थी सराव पाठ घेतात ते कर्नाटकाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत, कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तकातून. भाषा तीच, पुस्तक वेगळं. खानापूरच्या एखाद्या शाळेत सहावीला स्थानिक शासन शिकवायचं म्हणून मुलीने मराठी व्हिडिओ शोधला, छान वाटला, त्यावरून टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढलं. वर्गात ती सांगते की गावचा प्रमुख सरपंच आणि तालुक्याला पंचायत समिती. मुलांच्या गावात असतो तो ग्राम पंचायतीचा अध्यक्ष, आणि तालुक्याला असते ती तालुका पंचायत. महाराष्ट्रात सध्या सरपंच थेट मतदारांतून निवडला जातो. कर्नाटकात अध्यक्ष निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडतात. म्हणजे नाव बदलून भागत नाही, रचनाच वेगळी आहे. खुद्द खानापूर शहराला पट्टण पंचायत आहे, निपाणीला नगरसभा, आणि महाराष्ट्राच्या व्हिडिओत ‘नगर परिषद’. पाठ निरीक्षणाला बसलेले शिक्षक हे पकडतात, शेरा लिहितात, आणि मुलगी ठरवते की मोबाइलवरून तयारी केली की फजिती होते. तिचा निष्कर्ष तिच्या अनुभवापुरता बरोबर आहे.

असं एका विषयात होत नाही. परिसर अभ्यासात चौथीला महाराष्ट्रात शिवचरित्राचं स्वतंत्र पुस्तक आहे. इथला क्रम निराळा. भूगोलात व्हिडिओत गोदावरी आणि भीमा येतात. बेळगावच्या मुलाला मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, घटप्रभेवर गोकाकचा धबधबा आहे आणि दोन्ही पुढे कृष्णेला मिळतात, हे आधी हवं. जमिनीच्या नोंदीसाठी सातबारा म्हटलं की इथल्या मुलाच्या घरात असतो तो आरटीसीचा उतारा. गणित-विज्ञानात फरक कमी पडतो, पण तिथेही कुठल्या इयत्तेत किती शिकवायचं याची सीमा आणि पारिभाषिक शब्द बदलतात. वर्गातल्या मुलांच्या हातात जे पुस्तक आहे त्यातला शब्द फळ्यावर यायला हवा. व्हिडिओतला कितीही शुद्ध असला तरी नाही.

याला जोडून कानडी परिपत्रकांचा प्रश्न. शाळेत, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात, डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) येणारं पत्र कानडीत असतं. काही प्रशिक्षणार्थींना कानडी बोलता येतं पण कार्यालयीन कानडी वाचताना दमछाक होते. ते फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून घेतात. मजकुराचा सर्वसाधारण अर्थ त्यातून लागतो, पण ‘माडबेकु’ (करायलाच हवं) आणि ‘माडबारदु’ (करू नये) यांतला फरक लांब वाक्यात हरवू शकतो, आणि तारखा व विभागांची नावं गोंधळतात. मग चुकीचा अर्थ ग्रुपवरून ग्रुपवर फिरतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, सर: तुमच्या ग्रुपने आणखी लिंक वाटू नयेत. मिळालेलं मराठी साहित्य कर्नाटकाच्या पुस्तकाला जुळवून घेणं, हे एकच काम त्याने हाती घ्यावं. हे काम कुठल्याही टीईटी चॅनेलवर होत नाही, एकट्याने करायला वेळ लागतो, आणि पन्नास जणांत वाटलं तर सहज होतं. उपयोग आपोआप दिसतो, कारण तो उद्याच्या पाठात लागतो.

हे प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते.

एका पाठासाठी एक ‘जुळवणी’. प्रशिक्षणार्थीने आधी कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेच्या संकेतस्थळावरून आपल्या इयत्तेचं मराठी माध्यमाचं पुस्तक उतरवून घ्यायचं. ते फुकट मिळतं. तो धडा दोनदा वाचायचा. मगच व्हिडिओ किंवा पीडीएफ शोधायची. हा क्रम उलटा झाला की व्हिडिओच डोक्यात बसतो आणि पुस्तक त्यात कोंबलं जातं. चुकांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. व्हिडिओ बघताना वहीत दोन रकाने करायचे: व्हिडिओत काय म्हटलंय, आपल्या पुस्तकात काय आहे. फरक तेवढेच लिहायचे. शेवटी ग्रुपवर टाकायचं ते याच ठरलेल्या साच्यात: इयत्ता, विषय, घटक, पान क्रमांक, व्हिडिओतली घ्यायची मिनिटं (उदाहरणार्थ २.१० ते ४.३०), बदलायचे शब्द किंवा माहिती, आणि मुलांना विचारायचा एक स्थानिक प्रश्न. सहा-सात ओळींवर जायचं नाही.

स्थानिक शासनाच्या घटकासाठी ती नोंद अशी दिसेल: ‘सहावी, समाज विज्ञान, स्थानिक शासन. व्हिडिओतली पहिली दोन मिनिटं घ्या, ग्रामसभेचा भाग चांगला आहे. सरपंच ऐवजी अध्यक्ष, पंचायत समिती ऐवजी तालुका पंचायत, जिल्हा परिषद ऐवजी जिल्हा पंचायत. निवडणुकीचा भाग वगळा, पद्धत वेगळी आहे, पुस्तकातून सांगा. मुलांना विचारा: तुमच्या गावच्या पंचायतीच्या फलकावर कोणाकोणाची नावं आहेत?’ दुसऱ्या कोणाला हाच घटक घ्यायचा असेल तर त्याचा तासभर वाचला. जिने लिहिलं तिचाही धडा पक्का झाला, कारण फरक शोधायला दोन्ही नीट वाचावं लागतं.

टाचणं सरसकट ग्रुपवर टाकायला लावू नका. आठवड्याभरात पन्नास टाचणं एकसारखी होतात, तेच उपक्रम, तेच प्रश्न, क्वचित शेजारच्या शाळेचं नावसुद्धा. टाचण ज्याचं त्याचं राहू द्या, फिरवायची ती जुळवणी. आणि कोणी दुसऱ्याची जुळवणी वापरली तर टाचणाच्या शेवटी दोन ओळी लिहायला सांगा: माझ्या वर्गासाठी यात मी काय बदललं आणि का.

परिपत्रकांसाठी कानडी चांगलं वाचणारे तिघे-चौघे निवडा आणि आठवड्याची पाळी लावा. पाळीवाल्याने पाच ओळींचा मराठी सारांश द्यायचा: पत्राची तारीख आणि क्रमांक, कोणी काढलं, कोणाला लागू, काय करायचं, केव्हापर्यंत. खाली मूळ पत्राचा फोटो असलाच पाहिजे, आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतं आणि बारीक कानडी अक्षर फुटतं. मूळ पत्राशिवाय आलेला सारांश ग्रुपवर राहू देऊ नका. ज्यांचं कानडी कच्चं आहे त्यांना यातून हळूहळू वाचनाची सवयही लागते, आणि इथे नोकरी करायची तर ती लागणारच आहे.

ग्रुपची रचना. पन्नास जणांचा एकच ग्रुप चर्चेला निकामी ठरतो. मोठा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा आणि सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे चालू करा. सुप्रभात, वाढदिवस, देवदर्शन यांचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो, कोणाला बोलावं लागत नाही. चर्चेसाठी सहा ते आठ जणांचे छोटे ग्रुप करा. ते मैत्रीवर किंवा हजेरी क्रमांकावर पाडू नका, सराव शाळेवर पाडा. एकाच शाळेत जाणाऱ्यांना तीच पुस्तकं, तेच मुख्याध्यापक, तेच वेळापत्रक असतं, त्यामुळे बोलायला खरा विषय असतो. आठांत माणूस शंका विचारतो. पन्नासांत विचारत नाही. जुळवण्या साठवायला मात्र टेलिग्राम घ्या. तिथे मागाहून आलेल्यालाही जुनं सगळं दिसू शकतं, शोधता येतं, आणि फोनची जागा भरत नाही. प्रत्येक नोंदीला हॅशटॅग ठरवून द्या, जसं #सहावी_समाज, #आठवी_विज्ञान. हॅशटॅग कुठले ते तुम्हीच पहिल्या दिवशी ठरवा आणि पिन करा. प्रत्येकाने आपापला काढला की शोध कुचकामी होतो.

पहिले तीन आठवडे तुमच्याकडून रोज पंधरा मिनिटं जातील, हे धरून चला. कोणी जुळवणी टाकली की चोवीस तासांत तुमचं उत्तर हवं. ‘छान’, ‘उत्तम’ नको. एक गोष्ट जमली ती नेमकी सांगा, एक प्रश्न विचारा, एक बदल सुचवा. चूक मोठी असेल तर खाजगी संदेश करा. ग्रुपवर दुरुस्ती केलीत की पुढच्या चौघांचा हात आखडतो. पहिल्या दोन जुळवण्या तुम्ही स्वतः टाका, त्यातल्या एकीत मुद्दाम काहीतरी अर्धवट ठेवा आणि भर घालायला सांगा. चौथ्या आठवड्यापासून उत्तर देण्याचं काम छोट्या ग्रुपमध्ये पाळीने जाऊ द्या.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर: फॉर्म निनावी करा, लिंक थांबवा, जुळवणी सुरू करा, ग्रुप शाळेवर पाडा. पुढचं तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे.

रेंज आणि फोन. बेळगाव शहर, निपाणी, चिकोडी इथून येणाऱ्यांना व्हिडिओ चालतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूला जंगलपट्टीत आणि पावसाळ्यात तो धरून चालू नका. ४८० च्या दर्जाचा तासभर व्हिडिओ साधारण ३०० ते ५०० एमबी खातो. दिवसाचा दीड जीबी घरातल्या तिघांत वाटला जात असेल तर ही चैन आहे. त्याऐवजी आवाजी संदेश द्या. मिनिटाला दोनशे केबीच्या आत बसतो, टू-जी वरही उतरतो. चार मिनिटांवर नेऊ नका, आणि सुरुवातीलाच इयत्ता आणि घटक बोला, नाहीतर नंतर कुठला संदेश कशाचा ते सापडत नाही. बसमध्ये ऐकता येईल असं बोला. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे, आणि तुमच्या कितीतरी प्रशिक्षणार्थींचा रोजचा तास-दीड तास बसमध्ये जात असेल. तीच त्यांची स्वतःची अशी वेळ असते. आपल्या बेळगावी बोलीत बोललात तरी हरकत नाही. पारिभाषिक शब्द तेवढा पुस्तकातला ठेवा.

वेळेचंही तसंच. संध्याकाळी सहा ते नऊ लग्न झालेल्या मुली स्वयंपाकघरात असतात, फोन पोरांच्या हातात असतो. त्या वेळी चर्चा ठेवलीत तर चर्चेत मुलगेच दिसतील आणि तुम्हाला वाटेल मुलींना रस नाही. वेळ ठरवण्यापेक्षा मुदत ठरवा: प्रश्न सोमवारी, उत्तर बुधवारी रात्रीपर्यंत केव्हाही. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी आठवड्याच्या जुळवण्यांच्या दोन छापील प्रती वाचनालयात ठेवा. कोणासाठी ठेवल्यात ते जाहीर करू नका.

मुलींच्या गप्प राहण्याचं आणखी एक कारण असतं, ते त्या तुम्हाला सांगणार नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. कोणीतरी तो सेव्ह करतो आणि रात्री ‘हाय’ येतं. मग घरचे म्हणतात, ग्रुपमधून बाहेर पड. टेलिग्राममध्ये सेटिंग, मग प्रायव्हसी, मग फोन नंबर इथे जाऊन ‘कोणालाही नाही’ करता येतं. हे पहिल्याच तासाला सगळ्यांकडून करून घ्या, फक्त मुलींकडून नव्हे. व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो ‘माझे संपर्क’ आणि ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तेही ‘माझे संपर्क’. खाजगी संदेश अभ्यासापुरताच, हा नियम पिन करा, आणि तक्रार कोणाकडे करायची ते एका महिला प्राध्यापकांच्या नावासकट लिहा. या एका नियमाने सहभागात जो फरक पडतो तो कुठल्याही गुणांनी पडत नाही.

प्रश्नमंजूषा. टीईटी चॅनेलची चांगली गोष्ट उचलायची ती हीच. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे असतात, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने बघितलं तर ज्यांनी स्वतःला आठवून तपासलं ते पुढे जातात. शुक्रवारी पाच प्रश्न पुरेत. ते टेलिग्रामच्या क्विझ प्रकारात द्या, कारण तिथे मत निनावी ठेवता येतं आणि चुकल्यावर दिसणारं स्पष्टीकरण २०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. तिथे लोक हुशार मुलीचं उत्तर बघून बोट ठेवतात. पाचांतले दोन प्रश्न या आठवड्याचे, दोन मागच्या आठवड्याचे, एक महिन्यापूर्वीचा ठेवा. प्रश्न पाठांतराचे नकोत. ‘मुलाने ३/५ आणि ३/७ मध्ये ३/७ मोठा सांगितला, तो कसा विचार करतोय?’ असा प्रश्न चार पर्यायांत बसतो आणि सोमवारी वर्गात लगेच कामाला येतो.

सक्तीबद्दल. संदेशांची संख्या मोजून गुण देऊ नका. मोजलीत की ‘धन्यवाद सर’, ‘खूप उपयुक्त’ यांचा पूर येईल आणि कामाचं त्याखाली गाडलं जाईल. वेंकटेश आणि डेव्हिस यांच्या २००० च्या अभ्यासात असं दिसलं होतं की वरिष्ठांच्या दबावाचा परिणाम सक्तीच्या ठिकाणी आणि सुरुवातीला होतो. अनुभव वाढला की तो विरतो आणि प्रत्यक्ष उपयोगच टिकतो. तुमचे प्रशिक्षणार्थी दोन वर्षांनी तुमच्या हाताखाली नसतील. मूल्यमापनात काही घ्यायचंच असेल तर बी.एड.च्या आयसीटीच्या (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाच्या) प्रात्यक्षिक भागात प्रत्येकाने सत्रभरातल्या स्वतःच्या तीन जुळवण्या निवडाव्यात आणि प्रत्येकीखाली वर्गात काय झालं ते अर्ध्या पानात लिहावं. गुण त्या अर्ध्या पानाला. ज्याला ग्रुपवर बोलायचंच नाही त्याला हे वहीतूनही करता यायला हवं.

शाळेतल्या मुलांचे फोटो. यावर मात्र मी अजिबात सूट देणार नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड.चे प्रशिक्षणार्थी एकूण किमान २० आठवडे शाळेत असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. एवढ्या काळात वर्गाचे फोटो काढून स्टेटसला ठेवण्याचा मोह होतोच, आणि उत्साहात ठेवलेही जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मुलाने किंवा त्याच्या आईने तुमच्या ग्रुपला काही विचारलेलं नाही. नियम साधा करा: फळा, साहित्य, वहीचं पान चालेल; चेहरा, नाव, हजेरीपत्रक, गुणपत्रक चालणार नाही. वहीच्या पानावरचं नाव आधी बोटाने झाका, मग फोटो काढा. नंतर खोडू म्हटलं की राहतं. मुलांसह चित्रीकरण हवंच असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, एसडीएमसीला (शाळेच्या विकास व देखरेख समितीला) कल्पना आणि पालकांची सही, तिन्ही हवीत. शिवाय कॅमेरा वर्गाच्या मागच्या भिंतीशी, शिक्षकाकडे तोंड करून ठेवा; म्हणजे मुलांच्या पाठी येतात. यूट्यूबवर चढवताना ‘अनलिस्टेड’ म्हणजे खाजगी नव्हे, लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघू शकतो, हे सगळ्यांना स्पष्ट सांगा.

आता तुमचे ज्येष्ठ सहकारी. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. पाठ चालू असताना प्रशिक्षणार्थी फोनमध्ये बघून शिकवतो, रेंज गेली की वर्ग गोठतो, मुलांचं लक्ष पडद्यावर जातं, हे त्यांनी बघितलेलं आहे. त्यांच्याशी तडजोड अशी करा: फोन तयारीसाठी, वर्गात नाही. वर्गात लागणारी गोष्ट आदल्या रात्री उतरवून ठेवायची, आणि ती चालली नाही तर फळ्यावर काय करायचं ते टाचणात लिहायचं. मग त्यांच्याकडे एक मागणी करा. त्यांना फळालेखन, प्रश्न विचारण्याची रीत, मुलांचं नेमकं कुठे चुकतं हे जे माहीत आहे ते कुठल्याच यूट्यूब चॅनेलवर मराठीत, कर्नाटकाच्या पुस्तकासाठी मिळत नाही. आठवड्याला एक तीन मिनिटांचा आवाजी संदेश त्यांनी द्यावा. टायपिंग नको, ॲप शिकायला नको, तुम्ही समोर फोन धरा, त्यांनी बोलावं. ज्यांचं मत प्रशिक्षणार्थी मानतात त्यांचाच आवाज ग्रुपवर आला की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

चार आठवड्यांनी तोच निनावी तीन प्रश्नांचा फॉर्म पुन्हा भरून घ्या. पन्नासांतल्या किती जणांनी पहिल्या प्रश्नाला नेमकी गोष्ट लिहिली ते मोजा; बाकी आकड्यांकडे बघू नका. दहा-बारा जणांनी लिहिली असेल तरी चालू ठेवा, वाढतं. दोघा-तिघांनीच लिहिली असेल तर दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट वाचा. बहुधा ते कुठल्यातरी वेगळ्याच गोष्टीत अडलेले असतील, वर्ग नियंत्रणात, इंग्रजीच्या तासात, नाहीतर बहुवर्ग अध्यापनात. मग जुळवणीचा विषय तिकडे वळवा.

आणि तुकडी बाहेर पडताना टेलिग्रामवरच्या जुळवण्या पुढच्या तुकडीच्या दोघा जणांना सोबत घेऊन चाळा. पुस्तक बदललं असेल त्या काढून टाका, चालतील त्यांवर पान क्रमांक पुन्हा तपासून घ्या, चुकून राहिलेला मुलांचा एखादा फोटो असेल तर तो पुसा, आणि मग चॅनेल त्यांच्या हाती द्या. नव्या तुकडीत येणाऱ्या मुलीला पहिल्या सराव पाठाच्या आदल्या रात्री तिथे तिच्या धड्याचं काहीतरी तयार सापडेल.